बिलाच्या पोटातली कपात

ऊसबिलाचा कागद हातात आला की शेतकरी दोन जागा बघतो. वर टन किती भरले आणि खाली कापले किती. मधल्या मजकुराकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. मी त्या कागदाच्या खालच्या भागावर दोन हंगाम काढले. म्हणजे कपातींच्या ओळी, त्यांची बेरीज, आणि त्या ओळी ज्यातून यायच्या तो जावा या प्रोग्रामिंग भाषेतला कोड.

2004 ची गोष्ट. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होते, अनुभव तीन वर्षांचा, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटायच्या दिवसांतला. ग्राहक होता दक्षिण महाराष्ट्रातला एक सहकारी साखर कारखाना. काट्यावर उसाची गाडी भरलेली तोलायची, गव्हाणीत रिकामी झाली की पुन्हा तोलायची, मधला फरक म्हणजे ऊस. अशा खेपा सभासदाच्या नावावर पडत जातात आणि पंधरवडा संपला की बिल निघतं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे पंधरवडा संपता संपता बिल विभागात जत्रा भरते. दर ठरवायला तेव्हा एसएमपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर होता, एफआरपी हा रास्त आणि किफायतशीर दर 2009 नंतरचा. आणि त्या बिलातून सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, शेअरची रक्कम, ठेव असं काय काय कापलं जायचं.

पहिल्या हंगामात आमचं काम सरळ दोन थरांचं होतं. शेतकी ऑफिसातल्या पीसीवर स्विंगच्या, म्हणजे जावातल्या खिडक्या-बटणांच्या स्क्रीन, आणि त्या जेडीबीसी या जावाच्या डेटाबेस-जोडणीने थेट ओरॅकल डेटाबेसशी बोलायच्या. जावा 1.4. प्रत्येक टेबलाला एक क्लास, म्हणजे साचा, आणि त्यातून घडणाऱ्या ऑब्जेक्टला स्वतःला वाचता यायचं, स्वतःला साठवता यायचं. बिल, सभासद, खेप, कपात. (कोडमध्ये नावं इंग्रजीच होती. जावाला देवनागरी नावं चालतात, मी एकदा हौसेने करूनही बघितलं होतं, पण टीममधल्या कुणालाच ती टाइप करता येईनात. इथे मराठीच लिहिते.)

कपात हा क्लास मी बिलाच्या पोटात लिहिला. साधा इनर क्लास, म्हणजे एका क्लासच्या आत लिहिलेला दुसरा, स्टॅटिक हा शब्द न लावलेला. कारण असं की बिलाच्या ऑब्जेक्टमध्ये एक खूण होती, ‘बदललंय’ नावाची. साठवताना बिल आधी ती खूण बघायचं. खोटी असली तर डेटाबेसला हातच लावायचा नाही, उगीच अपडेट कशाला पाठवा. आता कपातीची रक्कम बदलली म्हणजे बिलही बदललं. कपात आतला क्लास असल्यामुळे तिला बाहेरच्या बिलाची खाजगी खूण थेट दिसायची. रक्कम बदलणाऱ्या मेथडमध्ये दोन ओळी: नवी रक्कम लिहा, ‘बदललंय’ खरं करा. कपात कुठल्या बिलाची हे कुणी सांगायला नको, पॅरामीटर नको, काही नको. पोर आईच्या पदराला धरून आहे म्हटल्यावर आई कोण हे विचारायचं कशाला? मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं होतं की टीम लीडला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, छान आहे. आणि पहिला हंगाम खरोखरच छान गेला.

दुसऱ्या हंगामात कारखान्याने गट ऑफिसं जोडायचं ठरवलं. तालुक्याच्या गावातली ऑफिसं, काही तर त्याहून लहान गावांतली. एवढ्या लांबून थेट ओरॅकलला जोडणी द्यायची नाही, असं कारखान्याच्या ईडीपी म्हणजे संगणक विभागाचं म्हणणं आणि ते बरोबरच होतं. मग मध्ये तिसरा थर आला, आरएमआयचा सर्व्हर. आरएमआय म्हणजे एका मशीनवरच्या जावा प्रोग्रामने दुसऱ्या मशीनवरच्या प्रोग्रामकडून काम करून घ्यायची सोय. गट ऑफिसातली स्क्रीन सर्व्हरला विचारणार, सर्व्हर डेटाबेसला. ऑब्जेक्ट आता तारेवरून प्रवास करणार.

इनर क्लास जावात आले ते जेडीके 1.1 मध्ये, 1997 साली. जेडीबीसी, आरएमआय आणि सिरिअलायझेशन (ऑब्जेक्टचं तारेवरून पाठवता येईल अशा बाइटमध्ये रूपांतर) यांचाही जन्म त्याच आवृत्तीतला. एका पाळण्यात वाढलेल्या या भावंडांचं आपसात किती पटतं ते मला त्या हिवाळ्यात कळलं.

पहिलं काम सोपं वाटत होतं. एका बिलाच्या कपातींची यादी गट ऑफिसला पाठवायची. कपात सिरिअलायझेबल केली, म्हणजे तिला प्रवासाची परवानगी दिली, चालवलं, आणि नॉट सिरिअलायझेबल एक्सेप्शन, म्हणजे हे पाठवता येत नाही अशी चूक. मेसेजमध्ये नाव मात्र कपातीचं नाही, बिलाचं. मी बिल पाठवतच नव्हते. पुन्हा पुन्हा कोड वाचला. शेवटी विचार करण्याऐवजी कंटाळून बिलही सिरिअलायझेबल करून टाकलं. मग एक्सेप्शनमध्ये ओरॅकलच्या ड्रायव्हरमधल्या कनेक्शनचं नाव आलं, कारण बिल आपलं कनेक्शन खिशात घेऊन फिरायचं. त्याला ट्रान्झियंट लावलं, म्हणजे पाठवताना हे वगळ. मग सभासद. मग गट. एक सांधावं तर तेरा तुटत होती. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना शिक्के मारून झाले आणि यादी पलीकडे पोचली. तो विजय समजून आम्ही भेळ खायला गेलो.

गट ऑफिसातून दोन दिवसांनी फोन. “मॅडम, कपातीचं बटण दाबलं की चहा पिऊन यायचं काय?”

पुण्यात लॅनवर ते बटण झटकन चालायचं. तिकडे 64 केबीपीएसची लीज लाइन, म्हणजे सेकंदाला 64 हजार बिट. मी यादी आरएमआयऐवजी बाइट ॲरेमध्ये लिहून मोजली. चार कपाती, प्रत्येकीत दोन आकडे आणि एक नाव, फार तर काहीशे बाइट व्हायला हव्या होत्या. झाल्या दोन लाख अठरा हजार. 64 च्या लाइनवर, बाइटला आठ बिट धरून, भागाकार केला की सत्तावीस सेकंद येतात, तेसुद्धा लाइन पूर्ण मोकळी असेल तर.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. क्लासची फाइल जावापी या साधनाने उघडली, खाजगी गोष्टीही दाखव असं सांगून. कपातीत मी लिहिलेली तीन फील्ड, म्हणजे माहितीचे कप्पे, होती आणि चौथं एक होतं जे मी कधीच लिहिलं नव्हतं. प्रकार: बिल. नाव: धिस$0. कम्पायलरने, म्हणजे माझा कोड मशीनसाठी तयार करणाऱ्या प्रोग्रामने, गुपचूप ठेवलेलं. आतल्या क्लासचं ऑब्जेक्ट बाहेरच्याची खूण थेट बदलू शकतं ते या दोरीच्या जोरावर, त्यात जादू कसलीच नाही. आणि सिरिअलायझेशनला कोणतं फील्ड मी लिहिलं, कोणतं कम्पायलरने, याच्याशी कर्तव्य नाही. दोरी धरून ते बिलापर्यंत गेलं, बिलातून सभासदापर्यंत, सभासदाकडे त्या हंगामातली सगळी बिलं, प्रत्येक बिलात सगळ्या खेपा. चार ओळी मागितल्या तर सगळं बिऱ्हाड गाडीत घालून आणलं. आधीचं एक्सेप्शन खरं तर हेच सांगत होतं. मी त्याचं तोंड दाबलं होतं.

पुढे जेडीके 6 पासून सिरिअलायझेशनच्या एक्सेप्शनमध्ये कुठल्या फील्डमधून कुठे गेलो याचा पूर्ण माग छापून घेण्याची सोय आली. आमच्याकडे ती नव्हती, आणि असती तरी मी मनापासून वाचला असता का, सांगता येत नाही.

धिस$0 ला ट्रान्झियंट लावता येत नाही, कारण ते सोर्समध्ये नाहीच. एक्स्टर्नलायझेबल, म्हणजे काय पाठवायचं ते आपण हाताने लिहायचं, असं करून बघितलं, तर त्याला पॅरामीटर नसलेला पब्लिक कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट घडवणारा कोड) लागतो, आणि आतल्या क्लासच्या प्रत्येक कन्स्ट्रक्टरला कम्पायलर पहिला पॅरामीटर म्हणून बाहेरचं ऑब्जेक्ट चिकटवतो. वरून रिकामा दिसणारा कन्स्ट्रक्टर आतून रिकामा नसतोच. वेळ नव्हता. मी सभासदाकडची बिलांची यादी ट्रान्झियंट केली, आकडा नऊ हजारांवर आला, बटण दीड-दोन सेकंदांत चालायला लागलं. गट ऑफिसातून शाबासकी आली. दोरी तशीच राहिली.

जानेवारीत ईडीपीतल्या काकांचा फोन आला. हे काका कारखान्यात माझ्या जन्माच्या आधीपासून. आवाज नेहमीसारखा शांत.

“मॅडम, एक शेतकरी बसलाय हितं माझ्यासमोर. सोसायटीची कपात चोवीसशेची होती, बिलात बेचाळीसशे कापलेत.”

“गट ऑफिसात चुकीचा आकडा टाकला असेल ना?”

“टाकला होता. पण त्याच दिवशी दुरुस्त केलाय म्हणतोय क्लार्क. मी स्वतः स्क्रीन बघितली. स्क्रीनवर चोवीसशेच दिसतंय. कागदावर बेचाळीसशे.”

मागून एक आवाज ऐकू आला, शेतकऱ्याचाच असणार: “स्क्रीनवरचे पैसे द्या की मग.”

मी डेटाबेसमध्ये बघितलं. 4200. काकांनी सर्व्हर बंद करून चालू केला आणि स्क्रीनवरही 4200 दिसू लागलं. शेतकऱ्यासमोर. त्यानंतर काका फोनवर काही बोलले नाहीत, “बघा जरा” एवढंच म्हणाले.

दोन दिवस लागले समजायला, आणि समजलं तेव्हा कागदावर चित्र काढूनच समजलं. आरएमआयमध्ये असं साधं ऑब्जेक्ट पाठवलं की पलीकडे त्याची प्रत उतरते. सर्व्हरवर कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, मूळ बिल. गट ऑफिसात कपातीबरोबर, त्या दोरीमुळे, बिलाची एक प्रत गेलेली. क्लार्कने रक्कम बदलली तेव्हा कपातीने इमानेइतबारे आपल्या बिलाची ‘बदललंय’ ही खूण खरी केली. पण तिचं बिल म्हणजे गट ऑफिसातली प्रत. मग दुरुस्त कपात सर्व्हरकडे परत आली, पुन्हा दोरीसकट, आणि सर्व्हरवर त्याच बिलाची आणखी एक प्रत तयार झाली. एकाच बिलाची तीन ऑब्जेक्ट. माझ्या कोडने काय केलं? बिल क्रमांकावरून कॅशमधलं मूळ बिल शोधलं, त्याच्या यादीतली जुनी कपात काढून नवी ठेवली, आणि मूळ बिलाला सांगितलं, साठव. मूळ बिलाने आपली खूण बघितली. खोटी. बदललेलंच नाही, कशाला साठवायचं? शांतपणे परत.

कॅशमध्ये नवी रक्कम होती, म्हणून सगळ्या स्क्रीनवर 2400 दिसत होतं. बिलं छापणारा प्रोग्राम रात्री वेगळा चालायचा आणि थेट टेबल वाचायचा, म्हणून कागदावर 4200. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये ओळ नाही. आमच्या चाचण्यांत हे कधी सापडलं नाही, कारण चाचण्यांमध्ये सर्व्हर आणि क्लाएंट एकाच जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये), आरएमआय बाजूला ठेवून चालायचे. तिथे प्रत होतच नाही. पदर आणि आई एकाच घरात.

या घोळावर दुसरा घोळ मी रात्री घातला. घाईचा उपाय म्हणून साठवण्याच्या मेथडमधून खुणेची तपासणीच काढून टाकली. मेथडच्या पोटातली एक ओळ, बाहेरून काही फरक नाही. माझ्या मशीनवर एक्लिप्स या कोड लिहायच्या साधनात कम्पाइल केलेल्या बिल आणि बिल$कपात या दोन क्लास फाइल काकांना मेल केल्या, त्यांनी रात्रीच सर्व्हरवर ठेवल्या. सकाळी एकाही गट ऑफिसात बिल उघडेना. इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शन, आणि दोन लांबलचक आकडे: प्रवाहातून आलेला सिरिअल व्हर्जन यूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा ओळख-आकडा) हा, इथला हा, जुळत नाहीत.

क्लासला हा आकडा आपण दिला नाही तर जावा तो क्लासच्या रचनेवरून काढतं. त्यात खाजगी नसलेल्या मेथड धरल्या जातात. मेथडच्या आतला कोड धरला जात नाही, म्हणून मी निर्धास्त होते. पण आतला क्लास बाहेरच्याचं खाजगी फील्ड बदलतो ते तेव्हाच्या जेव्हीएमला मान्य नव्हतं. त्यासाठी कम्पायलर बाहेरच्या क्लासमध्ये एक छुपी मेथड घालायचा. आमचे रीतसर जार, म्हणजे क्लास फाइलींचे गठ्ठे, अँट या साधनातून जावाचा नेहमीचा कम्पायलर जावासी बनवायचा, त्याने या मेथडला ॲक्सेस$002 नाव दिलं होतं. एक्लिप्सचा कम्पायलर वेगळा, त्याने नाव दिलं ॲक्सेस$0. मी न लिहिलेल्या मेथडच्या नावातले दोन अंक, आणि तेवढ्यावर पंधरवड्याची बिलं अडकली. (ही छुप्या मेथडची भानगड जावा 11 मध्ये संपली, आता जेव्हीएमलाच कळतं की हे क्लास एका घरातले आहेत. 2018 साली ते वाचताना मला काकांचा “बघा जरा” ऐकू आला.) त्या सकाळी तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक क्लासमध्ये मी हाताने तो आकडा लिहिला आणि सगळ्या गट ऑफिसांना नवा जार पाठवला. आजही तो आकडा नसलेला सिरिअलायझेबल क्लास दिसला की माझा हात आपोआप तिकडे जातो.

त्या शनिवारी कपातीच्या क्लासपुढे स्टॅटिक हा एक शब्द लिहिला. स्टॅटिक केलेला आतला क्लास राहतो पोटातच, नावही बिल$कपात असंच राहतं, पण दोरी कापली जाते. कम्पाइल केलं आणि 23 चुका आल्या. सगळ्यांचा सूर एकच: स्टॅटिक जागेवरून हे वापरता येणार नाही.

ती यादी मी छापून घेतली. ते मी आजवर वाचलेलं सगळ्यात प्रामाणिक डॉक्युमेंट. कपात बिलाच्या घरात कुठे कुठे हात घालते त्याचा एकूण एक हिशेब. 19 ठिकाणी ‘बदललंय’ खूण. तीन ठिकाणी पंधरवड्याची तारीख. आणि एका ठिकाणी, टीममधल्या कुणीतरी, कपातीच्या आतून बिलाचं डेटाबेस कनेक्शन घेऊन एक क्वेरी चालवली होती, सोसायटीचं नाव आणायला. गट ऑफिसात ते कनेक्शन नलच, म्हणजे रिकामंच असायचं, ट्रान्झियंट असल्यामुळे. ती स्क्रीन तिथे अजून कुणी उघडली नव्हती हे आमचं नशीब.

मग मी टेबलाची व्याख्या समोर ठेवली. कपात टेबलात काय होतं? बिल क्रमांक, ओळ क्रमांक, प्रकार, रक्कम. बिल क्रमांक, अख्खं बिल नाही. डेटाबेसने हे नातं पहिल्या दिवसापासून एका आकड्यावर भागवलं होतं, मी त्याला ऑब्जेक्टची गाठ मारली होती. नव्या रचनेत कपातीला बिलाचा क्रमांक तेवढा ठेवला. रक्कम कपातीने स्वतः बदलायची नाही, बिलाला सांगायचं: अमुक ओळीची रक्कम एवढी कर. बिल ओळ बदलेल, आपली खूण आपणच लावेल. गट ऑफिसातून येताना तीन गोष्टी येतील: बिल क्रमांक, ओळ क्रमांक, नवी रक्कम. तारखा कपात तयार करतानाच तिच्यात लिहिल्या, सोसायटीचं नाव जॉइन करून आणलं. चार ओळींची यादी आता सहाशे बाइटच्या आसपास जायला लागली. आणि त्यानंतर लगेच चाचण्या दोन वेगळ्या जेव्हीएममध्ये चालवायला घेतल्या, टीम लीडने वेळ नाही म्हटलं तरी.

एवढं झाल्यावरही एक पिल्लू राहिलंच होतं. कपाती ठरावीक क्रमाने दिसायला हव्यात, आधी सोसायटी, मग उधारी वगैरे. त्यासाठी बिलाच्या एका मेथडमध्ये मी निनावी क्लास लिहून तुलनेचं ऑब्जेक्ट बनवलं होतं आणि ते ट्री मॅप या क्रमाने लावून ठेवणाऱ्या संग्रहाला दिलं होतं. ट्री मॅप तारेवरून गेला की तुलना करणारं ऑब्जेक्टही बरोबर जातं. निनावी म्हणायचं पण कम्पायलर त्याला क्रमांकाने नाव देतो: बिल$1. फेब्रुवारीत कुणीतरी फाइलमध्ये त्याच्या वर दुसरा एक निनावी क्लास लिहिला, आणि आमचा झाला बिल$2. नवा सर्व्हर, गट ऑफिसात जुना जार, तिथे बिल$2 नाहीच. क्लास नॉट फाउंड, आणि त्यापुढे कंसात मेसेज: सिक्युरिटी मॅनेजर नाही, आरएमआयचा क्लास लोडर बंद आहे. त्या कंसामागे आम्ही अख्खा दिवस पॉलिसी फाइली लिहीत बसलो. रोग एकीकडे, औषध भलतीकडे. शेवटी तुलनेला स्वतःची फाइल, स्वतःचं नाव दिलं.

हे ऐकून कुणी इनर क्लास वाईट म्हणायला लागलं तर मी भांडेन. स्क्रीनच्या कोडमध्ये मी ते तेव्हाही भरपूर वापरले, टेबल मॉडेलला, बटण दाबल्याचं ऐकणाऱ्या लिसनरला. तिथे दोरी हवीच असते, पॅनल आणि त्याचा लिसनर एकत्र जन्मतात, एकत्र जातात. एकदाच तिथेही ठेच लागली. काट्यावरचा पीसी हंगामात रात्रंदिवस चालू, आणि आमचा खेप दुरुस्तीचा डायलॉग उघडताना मुख्य खिडकीच्या टायमरला आपला लिसनर लावायचा, बंद होताना काढायचा मात्र नाही. लिसनरने डायलॉग धरून ठेवला, डायलॉगने खेप, खेपेने सभासद. 1.4 मध्ये हीपची, म्हणजे ऑब्जेक्टना मिळणाऱ्या मेमरीची, डिफॉल्ट कमाल 64 एमबी. तिसऱ्या दिवशी पहाटे मेमरी संपायची, बाहेर गाड्यांची रांग. एचप्रॉफ या साधनाने मेमरीचा डंप काढला तर त्यात पुन्हा आपले धिस$0 महाशय. आता जावा 18 पासून जावासी ही दोरी वापरातच नसेल तर ठेवत नाही. पण आमचा लिसनर ती वापरत होता, आणि कपात तर वापरतच होती. तेव्हा 18 असतं तरी आमचं काही वाचलं नसतं.

2013 मध्ये त्याच कारखान्याने सगळं वेबवर न्यायचं ठरवलं आणि काम फिरून माझ्याकडे आलं. या वेळी हायबरनेट, ऑब्जेक्ट आणि टेबलं जुळवून देणारी लायब्ररी. कपातीची किल्ली दोन कॉलमची, बिल क्रमांक आणि ओळ क्रमांक, म्हणून एका नव्या मुलाने किल्लीचा वेगळा क्लास लिहिला, कपातीच्या पोटात. स्टॅटिक न लावता. चालवल्यावर हायबरनेट म्हणालं, डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर नाही. तो मला कोड दाखवायला आला: “मॅडम, हा काय, आहे की कन्स्ट्रक्टर. रिकामाच आहे.” मी त्याला काही न सांगता जावापी चालवायला सांगितलं. तो स्क्रीनकडे बघत राहिला, मग म्हणाला, “हा पॅरामीटर कुणी टाकला?” त्याच्या चेहऱ्यावर 2005 चा माझा चेहरा होता. आता जावात रेकॉर्ड नावाचे आटोपशीर क्लास आले आहेत, पोटात लिहिलेला रेकॉर्ड आपोआपच स्टॅटिक असतो, त्यामुळे हा प्रश्न हल्ली मला कमी ऐकू येतो.

त्या वर्षी जुना डेटा नव्या टेबलांत भरताना मी कपातीच्या रकमेवर नियम लावला होता, शून्याहून कमी नसावी. एका रात्रीत जुने सगळे हंगाम भरले गेले. सकाळी नाकारलेल्या ओळींची फाइल उघडली तर त्यात एकच ओळ. 2005-06 चा हंगाम, सोसायटीचं नाव नाही, प्रकार ‘दुरुस्ती’, रक्कम उणे 1800.

काका निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी आलेला मुलगा शेजारी उभा होता. “चुकून मायनस पडलाय वाटतं. प्लस करू का काढून टाकू?”

मी त्याला म्हटलं, आहे तशीच भर. आणि नियम काढून टाकला.